शेहेचाळीस माणसांचे प्रयोजन

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी ९.१०.

रोजनिशी सुरू. वाचकांसाठी नाशिकच्या साप्ताहिकातलं माझं 'दोह्याचे पत्र' आहेच, अकरा वर्षं. हे फक्त माझ्यासाठी. त्यामुळे इथे संपूर्ण प्रामाणिक राहायचं. (जड जाऊ नये. मूळ स्वभावच तो.)

निमित्त मोठं आहे. गार्गी, आमची कन्या, इथल्या विद्यापीठात सायकॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या ग्रुपचा प्रोजेक्ट: माणसाला आपल्या जगण्यात काही मीनिंग वाटतं का, आणि वाटत नसेल तर तो ते शोधतोय का, हे मोजायचं. दहा विधानं, प्रत्येकापुढे एक ते सात आकडे, जितकं पटेल त्या आकड्याला गोल. तिची वर्गमैत्रीण वेन, चीनची. तिने तिकडच्या आपल्या जुन्या विद्यापीठात तीनशे विद्यार्थ्यांकडून हा फॉर्म भरून आणलाय. आता तोच मराठीत आणायचा, दोह्याजवळच्या मेसईदच्या कारखान्यांतल्या मराठी कामगारांकडून भरून घ्यायचा आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडायचे. किमान चाळीस चांगले फॉर्म हवेत. २३ तारखेला रिपोर्ट. नाही दिला तर कोर्स पुन्हा, म्हणजे पदवी एक सेमिस्टर पुढे.

गार्गी म्हणाली, बाबा, ट्रान्सलेशन ॲपवर टाकू का?

हातातला कप खाली ठेवला. एम. ए. संस्कृत, विद्यापीठात दुसरा. (पहिली आली ती निव्वळ पाठांतरावर.) मेसईदच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे दिवसभर शब्दांचीच राखण. म्हटलं, बेटा, दोन दिवस दे.

मृणालिनी आतून म्हणाली, अहो, मराठीत करा हं.

बायकोला विनोदबुद्धी आहे.

रविवार, २ नोव्हेंबर. पहाटे ५.२०, कंपनीची बस.

अक्षर वाकडं येतंय. किसन बस चालवतो चांगली, पण स्पीडब्रेकरवर श्रद्धा नाही. येवल्याकडचा. घराजवळच्या ओल्ड एअरपोर्टपासून मेसईदपर्यंत रोज याच्या हातात माझा जीव आणि याच्या तोंडात तंबाखू.

'मीनिंग'ला शब्द. 'अर्थ' बाद: कामगारांना वाटेल पगाराबद्दल विचारतायत. वाचकाचा इतका विचार करणारा अनुवादक विरळाच. 'हेतू' नको, पोलिसी वास येतो. 'मतलब' तर स्वार्थीच. मग वाटेतल्या अल वक्रा गावच्या चौकाशी एकदम सुचला: 'प्रयोजन'! निःसंदिग्ध. चुकीचं समजायला वावच नाही.

संध्याकाळी ७.४५.

दहाही विधानं तयार. 'मजला जीवनात प्रयोजन लाभले आहे.' 'मी जीवनातील प्रयोजनाच्या शोधात आहे.' 'भविष्यात प्रयोजन लाभेल अशी माझी श्रद्धा आहे.' वाचताना अंगावर काटा. मूळ इंग्रजीत तो येत नाही.

नववं विधान मुद्दाम उलटं आहे, न वाचता गोल करणारे पकडायला: माझ्या जगण्याला काही दिशा नाही. असलं अभद्र वाक्य गरिबांपुढे कसं ठेवायचं? सौम्य केलं: 'माझे जीवन निष्प्रयोजन नाही, असे नाही.' तीन नकार, पण बोच नाही.

गार्गीने दोनदा वाचलं. मग, सो इज इट येस ऑर नो? कागदावर आकृती काढून समजावलं. आकृती तिने ठेवून घेतली. कौतुकाने असावी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

वेन घरी आली. बारीक, शांत. थालीपिठं तीन खाल्ली, लोणी वेगळं मागून. तिचे आकडे पाहिले. चिनी पोरांना जगण्यात बऱ्यापैकी मीनिंग वाटतं, शोधही बेताचा चालू. ठीक आहेत. पण म्हटलं, आमच्याकडे हा माल वंशपरंपरेने घरात पडलेला असतो, शोधायचा कशाला? आमचे वेल्डर तुमच्या पदवीधरांना मागे टाकतील. ती म्हणाली, मेबी, अंकल. 'मेबी' फार सावकाश म्हणते.

तिची एक बालिश सूचना. म्हणे, फॉर्म वाटण्याआधी दहा जणांना एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं, यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा. तिच्या विद्यापीठात पहिल्या वेळी दोन वाक्यांचं मुलांना भलतंच समजलं होतं. वाक्यं बदलावी लागली.

चिनी भाषेत होत असेल. चित्रलिपी.

गार्गी म्हणाली, बाबा, दिस स्टेप इज कम्पल्सरी, तुम्ही कराल ना? म्हटलं, झालंच समज.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. लंच ब्रेक.

चाचणी पूर्ण. दहा वाचने, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मनःस्थितीत. एकदा लिफ्टमध्ये. प्रत्येक वेळी वाचकाला विधान शंभर टक्के समजलं.

दहाही वाचक मीच होतो, हा तपशील तक्त्यात मागितलेला नाही. गार्गीला मेसेज: 'चाचणी १०/१०.' तिने लाल बदाम पाठवला.

संकल्प: अशी बारीकसारीक कामंही याच निष्ठेने करायची.

रविवार, ९ नोव्हेंबर.

पन्नास फॉर्म कामगारांच्या कॅम्पवर पोचवले. किसनने पहिलंच वाक्य वाचलं आणि विचारलं, सर, ह्ये कोणाच्या लग्नाचंय? म्हटलं, जीवनाबद्दल आहे. असं व्हय, म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. विषय त्याच्यापर्यंत पोचला. गप्प बसला म्हणजे आत काहीतरी हललं असणार.

मेसमध्ये वाटपाला रंगनाथ. देवगडचा, वेल्डर, एकोणीस वर्षं इथे. जुना, पोक्त, पत्रिका-बित्रिका वाचणारा. कोणाला शब्द अडला तर हा सांगेल. अशा जागी योग्य माणूस हेरणं हीच खरी मॅनेजमेंट.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी ४.

शेहेचाळीस फॉर्म परत! वर रंगनाथाचा निरोप: काका, सगळ्यांनी मनापासून भरलाहा.

बसमध्येच चाळले. एकही आळशी फॉर्म नाही. गोल असे ठासून मारलेत की कागदाला भोक. 'भविष्यात प्रयोजन लाभेल' याला सगळ्यांचे सात, तिघांनी बाजूला 'इन्शाल्ला' लिहिलंय. नववं विधान चव्वेचाळीस जणांनी कोरं सोडलंय. उरलेल्या दोघांपैकी एकाने 'बरं' लिहिलंय, दुसऱ्याने 'चालेल'.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

निकाल आला. (आनंद मानावा की दुःख, निश्चित नाही.)

गार्गीने आकडे मांडले. 'प्रयोजन लाभले आहे': सरासरी जवळजवळ एक. 'शोधात आहे': जवळजवळ सात. शेहेचाळीसपैकी शेहेचाळीस. चिनी विद्यार्थी आमच्या मानाने अगदीच तृप्त. वेन स्क्रीनकडे पाहत राहिली आणि म्हणाली, एव्हरीबडी? सेम?

वेनपुढे मारलेली बढाई फसली, पण केवढं सापडलं! रोज ज्यांच्या शेजारी बसून मी चणे खातो, ती माणसं आतून अशी रिकामी! आणि रिकामी असून अशी भुकेली! मला याची थोडी कल्पना होतीच, आता आठवतंय.

गार्गी म्हणाली, समथिंग इज राँग. तरुण आहे. मोठ्या सत्यापुढे तरुण माणूस आधी कॅल्क्युलेटर तपासतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळपासून.

लिहिलं! एका बैठकीत. 'दोह्याचे पत्र', विशेष: 'वाळूतले शून्य'. सुरुवात किसनपासून. 'बसचालक किसनच्या डोळ्यांत मी रोज पहाटे जी पोकळी पाहतो...' (पाहतो तो खरं तर बसचा आरसा, त्यात माझंच तोंड दिसतं, पण भाव तोच.) शेवटचा परिच्छेद लिहिताना मृणालिनीला हाक मारून ऐकवला. म्हणाली, किसन? गेल्या महिन्यात आपल्या दारात उभा राहून मोरीत नाचणाऱ्या पुतण्याचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवत होता, तोच ना? म्हटलं, तो वरचा थर.

पाठवून दिलं. संपादकांचा लगेच अंगठा.

रविवार, १६ नोव्हेंबर.

प्रोजेक्टच्या प्रोफेसरबाई घाबरल्यात. असे आकडे त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिले नाहीत. नियम असा की फॉर्म भरणाऱ्याला धोका दिसला तर आधी मदत, मग रिपोर्ट. तोवर प्रोजेक्ट थांबला. समुपदेशक नूरैनमॅडम मंगळवारी मेसईदला जाणार, एकेकाशी बोलणार.

गार्गी रात्रीचं जेवली नाही. सात दिवस उरलेत. म्हटलं, बेटा, मदत येतेय, हे तुझ्याच कामाचं यश. ती माझ्याकडे पाहत राहिली. वेनकडून शिकलीय हे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३०.

नूरैनमॅडम जाऊन आल्या. गार्गीच्या फोनवर स्पीकर लावून आम्ही तिघं ऐकत होतो. नोंद जशीच्या तशी:

त्यांनी हिंदीत पहिल्याला विचारलं, ज़िंदगी में किस चीज़ की कमी लगती है? तो म्हणाला, जिलेबी. दुसरा म्हणाला, जिलेबी नसली तरी चालेल, मठ्ठा पाहिजे. तिसऱ्याने मॅडमनाच विचारलं की तुम्ही पण येणार का, आणि व्हेज-नॉनव्हेज वेगळं बसवणार का. मॅडम म्हणाल्या, दे आर द हॅपिएस्ट पीपल आय हॅव मेट धिस यर. दे ओन्ली वॉन्ट टु नो, इज इट धिस फ्रायडे?

मी म्हटलं, भूक हे फार प्राचीन रूपक आहे.

गार्गीने फोन म्यूट केला.

सायंकाळी ७.१५.

रंगनाथाला फोन लावला. फार प्रसन्न. काका, प्रयोजन कदी आसा? त्यांच्याकडे प्रयोजन म्हणजे लग्नामुंजीची, पूजेची मोठी जेवणावळ. दुसरा अर्थच नाही. बाकीच्यांना शब्द माहीत नव्हता, त्याने मेसमध्ये उभं राहून सांगितला. आणि 'जीवन'? ता तर तुमचा टायपिंग चुकलाहा, काका. जेवण! मिया सगळ्यांका पेनान दुरुस्त करूक सांगलंय.

फॉर्म पुन्हा काढून पाहिले. बत्तीस फॉर्मांवर 'जीवन'चं 'जेवण' केलेलं. मला ते स्वाक्षरीसारखं काहीतरी वाटलं होतं.

म्हणजे 'जेवणातील प्रयोजनाच्या शोधात आहे': सात. 'लाभले आहे': अजून कुठे, एक. 'भविष्यात लाभेल': सात, इन्शाल्ला. अत्यंत सुसंगत उत्तरं. संशोधन म्हणून निर्दोष.

गार्गीने फक्त विचारलं, बाबा, त्या टेन पीपलपैकी एकालाही हे कळलं नाही? कोण होते ते?

इथे प्रामाणिक राहायचं ठरलंय. तिला सांगितलं. लिफ्टचंही.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हसायला लागली, मग हसता हसता उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर. पहाटे ५.२५, बस.

संकल्प: आज स्वतः नवा अनुवाद. प्रयोजन बाद. 'पुरुषार्थ'?

संध्याकाळी.

उशीर झाला. गार्गीने किसनला परस्पर फोन करून इंग्रजी विधानं हिंदीत समजावली. मेसईद-दोहा फेरीत, सिग्नल लागेल तसं एकेक, किसनने व्हॉइस मेसेजवर दहाही सांगून टाकली. पहिलं: 'मी कशासाठी जगतो ते मला माहीत आहे.' नववं: 'माझ्या जगण्याला काही दिशा नाही.' एवढंच. मी म्हटलं, याला अनुवाद म्हणत नाहीत, हे तर कोणीही बोलेल. वेन म्हणाली, येस, अंकल.

मग त्या दोघी टॅक्सीने थेट मेसईदला. दहा माणसांना वाचून दाखवलं, काय समजलं विचारलं. दहा वेगळी माणसं. प्रोफेसरबाईंची परवानगी मिळाली: शनिवारपर्यंत चाळीस चांगले फॉर्म आले तर रिपोर्ट घेऊ.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

साप्ताहिकाने 'वाळूतले शून्य' कालच वेबसाइटवर टाकलं. शीर्षक मोठं, खाली वाळवंटात पाठमोऱ्या उंटाचा फोटो.

पहाटे बसमध्ये चढलो तर किसनने दारच बंद केलं नाही, माझ्याकडे बघत राहिला. काल गावाकडे शेजारच्या पोराने किसनच्या आईला, बायडाबाईंना, लेख मोठ्याने वाचून दाखवला. तिचा फोन: आरं किसन्या, तुह्या डोळ्यात कसली पोकळी झाली? मोतीबिंदू का काय? ये निघून, नको ती नोकरी! अर्धा तास समजूत घालत होता. शेवटी व्हिडिओ कॉलवर दोन्ही डोळे खालची पापणी ओढून दाखवले, तेव्हा थांबली.

माफी मागितली. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या सर, तुम्ही चांगल्यासाठीच लिव्हलं असंल. मग गिअर टाकून म्हणाला, पण मला इचारलं असतं एकदा, तर सांगितलं नसतं का?

स्पीडब्रेकर आज दोन्ही सावकाश घेतले. ते जास्त लागलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दुपारी ३.३०.

प्रयोजन पार पडलं.

मृणालिनीने काल निक्षून सांगितलं होतं, शेहेचाळीस माणसांनी सात-सातला गोल मारलेत, आता जेवण झालंच पाहिजे. दोह्यातच, अल हिलाल भागात मित्राच्या व्हिलाचं अंगण मिळालं. भांडी, मसालेभात आणि जिलेबी अश्फाककडून. रत्नागिरीचा, इथे केटरिंग करतो. काळ्या वाटाण्याचा सांबारा रंगनाथाने स्वतः केला, कोणाला चमच्याला हात लावू दिला नाही. मी स्वागतपर दोन शब्द बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात पंगत बसली.

जेवणाआधी नवे फॉर्म. सात जण ओव्हरटाइममुळे आले नाहीत, म्हणजे एकोणचाळीस. चमत्कार: माणसं गोल मारायच्या आधी थांबत होती. रंगनाथ पहिल्याच वाक्यावर पेन धरून बसला आणि स्वतःशीच म्हणाला, दोन चेडवांची लग्ना झाली... आता कशासाठी रे? कोणी हसलं नाही. मग पाचला गोल. वाक्यं किसनचीच, म्हणून त्याचा फॉर्म मोजायचा नव्हता, तरी त्याने सात मारला, फार विचार न करता, आणि भात वाढायला गेला.

एकोणचाळीस. एक कमी!

गार्गी कागद पुन्हा पुन्हा मोजतेय. मी पुढे झालो. मेसईदचा मराठी नोकरदार मीही आहेच. एरवी अनुवादकाने भरू नये, पण आता मी अनुवादक नाही, असं गार्गीनेच सांगितलं. फॉर्म घेऊन व्हरांड्यात जाऊन बसलो. चाळीस मिनिटं घेतली. प्रकल्प माझ्या हातून वाचला, हे आजच्या तारखेला नोंदवून ठेवतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी ११.

घरात वेन आणि गार्गी फॉर्मांवरचे आकडे कॉम्प्युटरवर भरतायत. मराठी माणसांचे आकडे चिनी पोरांच्या जवळपासच निघाले. काही वर, काही खाली. सुरेख, साधारण. गार्गी खोलीभर उड्या मारत होती, वेन टाळ्या वाजवत होती, सावकाश.

मग माझा फॉर्म आला. दोघी वाकून बघायला लागल्या. वेनला मराठी येत नाही, पण लाल शाई तिलाही कळली.

एकाही आकड्याला गोल नाही. पहिल्या विधानात 'ते'च्या जागी 'हे' सुचवलेलं. तिसऱ्यात स्वल्पविराम. पाचव्यापुढे 'वाक्यरचना पाहावी'. नवव्याला दोन पर्याय, एक कर्मणी. तळाशी: 'एकंदर प्रयत्न चांगला. ६/१०.'

मला आकडे दिसलेच नव्हते.

पुन्हा एकोणचाळीस. मृणालिनीने अश्फाकला फोन केला, भांडी न्यायला येणारच होता. मेसईदच्या कॅम्पला डबे पोचवतो, मराठी बोलतो, चालेल, असं प्रोफेसरबाई म्हणाल्या. त्याने दारातच, पातेलं काखेत धरून, दीड मिनिटात भरला. सातव्या विधानावर थोडा अडला, वर बघितलं, मग गोल. चाळीस. शुक्रन भाई, म्हणत गार्गीने त्याच्या हातावर टाळी दिली.

रविवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.

रिपोर्ट गेला. बाईंनी लगेच पोच दिली. आभारात: मराठी विधाने, किसन. भोजनव्यवस्था, माझे बाबा. शेवटच्या पानावर 'वगळलेले फॉर्म' या तक्त्यात माझी स्वतंत्र ओळ आहे: एक. कारण: उत्तर न देता प्रश्न तपासून परत केले.

गार्गीने जाताना एक कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. बाबा, नॉट फॉर द प्रोजेक्ट. जस्ट फॉर यू. आणि लाल पेन उचलून नेलं, पेन्सिल ठेवली.

बसलो. पहिलं विधान. मी कशासाठी जगतो ते मला माहीत आहे. एक ते सात.

वीस मिनिटं झाली. आतून मृणालिनीने विचारलं, अहो, झाला का फॉर्म?

म्हटलं, शुद्धलेखन तपासतोय.

एकही चूक नव्हती.